लोखंडी बुलेट ३५०, सीबी पॉइंट: स्टार्टिंगच्या नोंदी

गाडी माझ्या काकांची: एन्फिल्ड इंडियाची बुलेट ३५०, १९८६ ची, लोखंडी सिलिंडर. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. चार गिअर उजव्या पायाला, मागचा ब्रेक डाव्या. इग्निशन सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या दोन संपर्कांचं, कार्बोरेटर मिकार्ब व्हीएम२४. नंबर एमएच मालिका सुरू होण्याआधीचा. मुळात ६ व्होल्टची होती, मधे केव्हातरी एका गॅरेजात १२ व्होल्टची करून घेतली. त्या कामाची पावती नाही, आणि नेमकं काय बदललं ते काकांना सांगता येत नाही.

तक्रार जुनी आहे. थंड असताना घाम काढून चालू व्हायची, आठ-दहा किलोमीटर गेली की बंद पडायची, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय दाद द्यायची नाही. त्यालाच कंटाळून काकांनी २०१९ मध्ये ती गोठ्याच्या पडवीत लावून ठेवली. यंदा कोल्हापुरात माझ्याकडे आणली.

भेटेल तो एकच सल्ला देतो: पॉइंट काढा, इलेक्ट्रॉनिक किट बसवा. ते करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. पॉइंटची गाडी रस्त्यात अडली तर एक बारीक कानस, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर घरी येते. ती सोय मला घालवायची नाही. कुणाकडे अशीच गाडी अडून बसली असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात म्हणून तारखेनिशी लिहिते आहे.

८ जून २०२५

आधी पेट्रोल. टाकी उघडल्यावर वास पेट्रोलचा नव्हताच, वार्निशचा होता. सगळं काढून काचेच्या बरणीत ओतलं, तर तळाशी गंजाचा लाल गाळ आणि त्यावर पाण्याचा थर. टाकीत मूठभर नट आणि डिझेल घालून हलवत राहिले. काळं पाणी यायचं थांबलं तेव्हा पेट्रोलनं धुऊन उन्हात ठेवली. जूनमधलं कोल्हापूरचं ऊन, त्यामुळे वाळायला दोन दिवस गेले. कॉकची जाळी फाटलेली होती, कॉक नवा घेतला (२८० रुपये).

टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र पॉलिशच्या मेणानं पूर्ण बुजलं होतं. ते बंद असलं की टाकीत हवा जात नाही, काही किलोमीटरवर पेट्रोल उतरायचं थांबतं आणि गाडी मरते. लक्षण हुबेहूब आमचंच, म्हणून रोग सापडला असं वाटलं. सुईनं छिद्र मोकळं केलं.

पुढे गाडी लावून ठेवायची असेल तर टाकी रिकामी करूनच ठेवा. आताच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. आमच्याकडच्या पावसाळ्यात अर्धी टाकी म्हणजे गंजाला आमंत्रण.

१५ जून

ऑइल. बुलेटची ऑइलची टाकी इंजिनच्याच केसिंगमध्ये असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते ऑइल पंपातून पाझरून खालच्या खोलीत, क्रँकशेजारी साचतं. अशा गाडीला किक मारणं म्हणजे चिखलात फावडं मारणं, आणि चालू झालीच तर गल्लीभर धूर. खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर परातभर काळं ऑइल आलं. सगळं बदलून २०डब्ल्यू-५० घातलं.

मग कॉम्प्रेशन. किकवर नुसतं उभं राहिलं की निरोगी बुलेट काही सेकंद तरी माणसाला धरून ठेवते. ही धरत नव्हती, पाय हळूहळू खाली जायचा. डिकॉम्प्रेसरच्या (किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) तोंडाशी साबणाचं पाणी लावून किक दाबली, तर फुगे. केबल इतकी ताणून बांधली होती की व्हॉल्व्ह केसभर उघडाच राहत होता. शिवाय त्याच्या बैठकीवर कार्बन बसलेला. काढून खरवडला, ग्राइंडिंग पेस्टनं हातानं फिरवून बसवला, केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील दिली. आता किकवर उभं राहता येतं. खर्च शून्य. बोअर करायला सांगण्याआधी हे एवढं नक्की बघा, कारण गॅरेजात कॉम्प्रेशन कमी म्हटलं की थेट पिस्टनची गोष्ट सुरू होते.

टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची, म्हणजे पुशरॉडची, फट) बघितले. सिलिंडरच्या उजव्या अंगाचं छोटं झाकण काढायचं, इंजिन थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सर्वात वरच्या टोकाला). दोन्ही पुशरॉड बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वरखाली हलता कामा नयेत. एक्झॉस्टचा जाम होता. असा जाम टॅपेट गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. म्हणजे गरम झाल्यावर बंद पडण्याचं हे दुसरं सबळ कारण. सैल केला.

२१ जून

पॉइंट. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. एका पॉइंटवर खड्डा, समोरच्यावर टेकडी, दोन्ही निळे-काळे पडलेले. अशी टेकडी असली की फिलर गेज खोटं बोलतं, कारण पट्टी टेकडीवर टेकते आणि खरी फट मोठीच राहते. कानशीनं सपाट केले, पेट्रोलनं पुसले, कोरा कागद दोन्हींमधून ओढून मेणचटपणा काढला. फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी, ०.३८ ठेवली. नवा प्लग, त्याची फट ०.५. नवा कंडेन्सर (पॉइंटमधली ठिणगी दाबून त्यांना जळू न देणारा छोटा भाग, १६० रुपये), कारण जुन्याची वायर मुळाशीच तुटत आली होती.

कार्बोरेटर उघडला. पायलट जेट पूर्ण बंद. त्यात तार घालू नका, छिद्र मोठं होतं. कार्ब क्लिनर मारून हवेच्या दाबानं मोकळा केला.

किक मारायची पद्धतही इथेच लिहिते, कारण बुलेटवर निम्मी भांडणं तिच्यामुळे होतात. चावी चालू करून किक सावकाश दाबत जायची आणि नजर हेडलाइटवरच्या अँपिअर मीटरवर ठेवायची. पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्ये शून्यावर येतो. किक अडली की कॉम्प्रेशन आलं. डिकॉम्प्रेसर ओढून किक थोडीशी पुढे सरकवायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब, पूर्ण किक. एक्सलरेटरला हात नाही.

चालू झाली! सहा वर्षांनी. काकांना फोनवर आवाज ऐकवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आता आठ-दहा किलोमीटर नेऊन बघ."

नेली. कळंब्याच्या पुढे मरण पावली.

२९ जून

गार झाल्यावर चालू करताना किक उलटी आली. चपलेवर असते तर घोटा गेला असता. बुलेटला नेहमी बूट घालून किक मारा.

उलट किक म्हणजे करंट फार लवकर पडतोय. टायमिंग तपासलं. या इंजिनला पॉइंट टीडीसीच्या ०.८ मिमी आधी उघडायला हवेत, तेही ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना. प्लग काढून, चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक हातानं फिरवून बघितलं. पॉइंट उघडतात तो क्षण अँपिअर मीटरचा काटा दाखवतोच, खात्रीसाठी पॉइंटमध्ये पतंगाचा कागद धरला होता, तो सुटतो तेव्हा उघडले. प्लगचं छिद्र तिरकं असल्यानं त्यातून घातलेल्या तारेवर माप तंतोतंत येत नाही, तरी इतकं पुढे गेलेलं टायमिंग लपत नाही.

कारण पॉइंटच्या प्लेटखाली सापडलं. ऑटो ॲडव्हान्सची वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये रुतून उघडी राहिली होती. निरोगी असेल तर कॅम बोटानं पिळून सोडला की स्प्रिंगनं पट्कन मागे येतो, हा जिथे नेला तिथेच राहायचा. सगळं सुटं करून धुतलं, पिनांना एकेक थेंब पातळ ऑइल. एक स्प्रिंग ताणलेली होती, ती भंगारातल्या डिस्ट्रिब्युटरची बसवली (५० रुपये). टायमिंग परत बांधलं.

उलट किक गेली. बंद पडणं तसंच.

६ जुलै

आषाढी. सकाळभर पाऊस, दुपारी उघडीप, तेवढ्यात गाडी बाहेर काढली. मुद्दाम तापवून बंद पाडली आणि रस्त्याच्या कडेला तपासायला बसले. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स आवाज नाही, म्हणजे हवेचं छिद्र मोकळं. कार्बोरेटरचा खालचा नट सोडला, वाटीत पेट्रोल भरपूर. किकवर उभी राहिले, कॉम्प्रेशन उत्तम. म्हणजे टाकीचं छिद्र, टॅपेट, डिकॉम्प्रेसर तिन्ही सुटले. ते दोष खरेच होते, त्यांची दुरुस्ती गरजेचीच होती, पण गाडी मारणारा वेगळाच आहे.

प्लग काढून हेडवर टेकवला, किक मारली. ठिणगी होती, पण बारीक आणि पिवळट. सकाळी गाडी थंड असताना हीच निळी, टणत्कार करणारी होती.

१२ जुलै

पॉइंट पुन्हा उघडले. तीन आठवड्यांपूर्वी आरशासारखे केले होते, आता परत खड्डा-टेकडी. पॉइंट जळतात म्हणजे कंडेन्सर गेला, हे कुठलाही मेकॅनिक झोपेत सांगेल. नवे कंडेन्सरही बऱ्याचदा खराबच निघतात, त्यामुळे मलाही ते पटलं. दुसऱ्या दुकानातून वेगळ्या बनावटीचा आणला (२२० रुपये), पॉइंटचा नवा सेट घातला (३४०). मल्टिमीटरवर कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दाखवत होता, म्हणजे ठणठणीत.

फरक नाही. या फेऱ्यात आणखी काही दिवस गेले.

१६ जुलै

शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे डिस्ट्रिब्युटर घेऊन गेले. त्यांनी हातात घेतल्या घेतल्या शाफ्ट आडवा हलवून दाखवला. पॉइंटची फट डोळ्यांदेखत कमीजास्त होत होती. "ताई, तुम्ही गेज लावून लावून थकाल. हा घरातच डुलतोय." गनमेटलचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) टर्न करून, रीमर मारून, संध्याकाळपर्यंत बसवून दिले. ६०० रुपये. आता आयडलिंग इतकं एकसारखं आहे की कान देऊन ऐकत राहावं.

निघताना मी पॉइंट जळण्याचं विचारलं. त्यांनी कंडेन्सरचं नावही काढलं नाही. त्यांचा प्रश्न होता, "चावी टाकल्यावर काटा कितीवर जातो?"

मी रोज त्या काट्याकडे बघत होते, पण तो झुकतो की नाही एवढंच. किती झुकतो ते बघायला हवं हे त्यांच्याकडून कळलं.

२० जुलै

चावी चालू, दिवे बंद, पॉइंट बंद स्थितीत. काटा उणे आठच्या आसपास. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलनं (बॅटरीचा व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग) तीन-चार अँपिअर घ्यायला हवेत.

कॉइल टाकीखाली. दोन्ही वायरी काढून मल्टिमीटरनं प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेटोळ्याचा) रोध मोजला. आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून बघा, त्यांचाच ०.४ ओहम येतो, तो वजा करायचा. नाहीतर एवढ्या लहान मापात सगळं गणित चुकतं. कॉइलचा आकडा १.९, वजा ०.४, उरले १.५ ओहम. १२ व्होल्टच्या कॉइलला तीन ते चार असतात. कॉइलवरचा रंग खरवडला तर खाली "६ व्ही" कोरलेलं.

गाडी १२ व्होल्टची करताना बॅटरी बदलली, बल्ब बदलले, हॉर्न बदलला, कॉइल तशीच राहिली. चालू होते म्हणून कुणाला शंका आली नाही. उलट थंड असताना तिची ठिणगी जास्तच जोरदार दिसते. पण १२.६ व्होल्ट भागिले १.५ म्हणजे आठ अँपिअरच्या वर करंट, दुप्पट. तो पॉइंटवरून जातो, म्हणून पॉइंट जळतात, कंडेन्सर कितीही नवा घाला. आणि तोच कॉइलला तापवतो. पॉइंट बंद असताना हिशेबानं १०० वॉटच्या वर उष्णता त्या मुठीएवढ्या डब्यात. तापलं की आतलं इन्सुलेशन हार मानतं आणि करंट प्लगपर्यंत न जाता आतल्या आत उतरतो. गार झाली की पुन्हा शहाणी.

खात्री करायची होती. गाडी तापवून बंद पाडली, कॉइलला हात लावला तर चटका. चावी बंद करून तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं, पाच मिनिटं थांबले, फडकं काढून कोरडी पुसली. इंजिन तसंच गरम, कार्बोरेटरला हात लावलेला नाही. पहिल्या किकला चालू.

काकांना सांगितलं. त्यांनी आठवून आठवून सांगितलं की १२ व्होल्ट केल्यानंतरच्याच उन्हाळ्यात हे दुखणं सुरू झालं होतं. त्या काळात त्यांनी कार्बोरेटर बदलला होता, हेड उतरवलं होतं, एकदा बोअरसुद्धा केलं होतं.

२६ जुलै

पुण्याच्या नाना पेठेतून १२ व्होल्टची कॉइल मागवली, ९५० रुपये. बसवण्याआधी मोजली: तारांचे वजा करून ३.२ ओहम. बसवल्यावर काटा उणे चारच्या अलीकडे.

कॉइलजवळचा व्होल्टेजही बघितला, कारण आता करंट योग्य झाल्यावर वायरिंगमधली गळती लपायची नाही. पॉइंट बंद ठेवून बॅटरीवर १२.५, कॉइलवर फक्त ११.१. वाटेत सव्वा व्होल्टच्या वर खाल्ला जातोय. एकेक जोड तपासत गेले, अर्ध्याहून जास्त चावीच्या स्विचमध्ये जात होता. आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या. पॉलिश पेपरनं घासून, पट्ट्या थोड्या उचलून बसवल्या. इंजिनच्या अर्थची वायर रंगावरच कसलेली होती, तिथला रंग खरवडून धातूवर कसली. आता कॉइलवर १२.१.

पॉइंट शेवटचे साफ केले, फट ०.३८, टायमिंग पुन्हा तपासलं. पॉइंटची फट हलवली की टायमिंग हलतं, म्हणून क्रम नेहमी हाच: आधी फट, मग टायमिंग.

३ ऑगस्ट

पन्हाळा. मुद्दाम दुपारी निघाले, वाघबीळपासून चढ लागतो तिथे तिसऱ्या गिअरवरच ठेवली, म्हणजे इंजिन चांगलं तापावं. वर तीन दरवाजाजवळ मीच बंद केली. पाच मिनिटांनी किक, चालू. पंधरा मिनिटांनी किक, चालू. हा पंधरा मिनिटांचा काळ सगळ्यात कठीण असतो, कारण इंजिनची उष्णता वर येऊन कार्बोरेटर आणि कॉइल दोन्हींना भाजते. कॉइलला हात लावला: कोमट.

उतरल्यावर आयडलिंग थोडं भरकटत होतं. गरम इंजिनवर एअर स्क्रू आधी सावकाश पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, आणि तिथून पाव-पाव फेऱ्यानं आवाज सर्वात भरीव येईल तिथे थांबले.

१५ ऑगस्ट

पॉइंट उघडून बघितले. राखाडी, सपाट, एकही खड्डा नाही. तोच १२ जुलैचा सेट, तोच कंडेन्सर.

खर्चाचा हिशेब: कॉक २८०, पहिला कंडेन्सर १६०, दुसरा २२०, पॉइंट ३४०, स्प्रिंग ५०, बुश ६००, कॉइल ९५०. मिळून २,६००, शिवाय प्लग, ऑइल आणि पेट्रोल. दुसरा कंडेन्सर लागत नव्हता. बुश लागतच होते.

तुमची गाडी ६ ची १२ व्होल्ट केलेली असेल तर पॉइंट, कंडेन्सर काहीही विकत घेण्याआधी कॉइलची प्रायमरी मोजा. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. ज्यांची अजून ६ व्होल्टच आहे त्यांना १.५ ओहमच बरोबर आहे, तिथे १२ ची कॉइल लावली तर ठिणगी फार अशक्त पडेल. जुनी कॉइल मी टाकली नाही. गडहिंग्लजच्या एकांकडे मूळ ६ व्होल्टची गाडी आहे, त्यांना हवी आहे. आधी तासभर ६ व्होल्टवर तापवून, ठिणगी टिकते का बघून मगच देणार.

राहिलेलं काम: टॅपेटच्या झाकणाच्या पॅकिंगमधून ऑइल झिरपतंय, आणि टाकीच्या आत अजून थोडा गंज आहे, म्हणून कॉकनंतर पारदर्शक फिल्टर लावला आहे. गणपतीत काका येणार आहेत, तोवर पॅकिंग बदलून होईल.